आईच्या शेजारची रिकामी सीट

मी बार्शी सोडली तेव्हा आई गिरणीत होती.

घरापुढे रिक्षा उभी होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या दोन बॅगा मागे दोरीने बांधत होते. पुण्याची गाडी अकराची होती आणि पुण्याहून मुंबई, मुंबईहून सिंगापूर असा पुढचा सगळा प्रवास होता. शेजारपाजारच्या बायका दही-साखर घेऊन दारात जमल्या होत्या. आणि आई घराला लागूनच असलेल्या आमच्या पिठाच्या गिरणीत कुणाचातरी शाळू दळत होती. "एवढं दळण उतरलं की येते," असं ती दोनदा म्हणाली. दळण उतरलं, तिने दुसरा डबा ओतला. शेवटी मीच आत गेले. पट्टा जोरात फिरत होता, तिच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. ती यंत्राच्या वर आवाज काढून ओरडली, "पोचल्यावर फोन कर!" आणि पुन्हा गिरणीच्या तोंडाशी हात धरून पीठ जाडं पडतंय की बारीक ते बघू लागली.

आमच्या कंपनीतून त्या वेळी आम्ही सहाजण निघालो होतो. विमानतळावर प्रत्येकाचं अख्खं घर आलं होतं. कुणाच्या गळ्यात हार, कुणाच्या आईचे डोळे सुजलेले. माझ्याबरोबर एकटे अण्णा. त्या गोष्टीचा मला फार राग आला होता, आणि तो बरीच वर्षं टिकला.

तुम्ही जे मागे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, त्या दोघांसाठी मी हे लिहिते आहे. कारण जे घडलं ते आपल्या सगळ्यांच्या घरात थोड्याफार फरकाने घडतं असं मला वाटतं. आपण फोनवर बोलतो तेव्हा घडतं.

इथे सिंगापुरात, क्लेमेंटी भागात, आधी मी दोन मुलींबरोबर एका खोलीत राहत होते. पुढे लग्न झालं, सचिन आणि मी याच भागात एचडीबीचा, म्हणजे सरकारी वसाहतीतला, फ्लॅट घेतला, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळाला, इरा झाली. ती आता दहा वर्षांची आहे, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. या सगळ्या काळात बार्शीला माझा रोज फोन व्हायचा. "कशी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "हो." "तिकडं सगळं ठीक?" "सगळं ठीक." दोन्ही बाजूंनी सगळं नेहमीच ठीक असायचं. एवढ्या वर्षांत आमच्या घरात कुणाला साधी सर्दीही झाली नव्हती, फोनवरच्या हिशेबाने.

धनंजय माझा धाकटा भाऊ. तो शिकायला ऑस्ट्रियात ग्राझला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. मग ते वर्ष आलं जेव्हा सगळं जग आपापल्या दारांआड कोंडून बसलं होतं. अण्णांना ताप आला. आई दोघांनाही फोनवर सांगत होती, साधा ताप आहे, उतरतोय, काढा चालू आहे. पाचव्या दिवशी अण्णा गेले. मी त्यांना मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळत घातलेल्या दोरीखाली उभी राहून. धनूने पाहिलंच नाही. त्याने फोन बंद करून ठेवला होता.

त्यानंतर तो बार्शीला गेला नाही. विमानं सुरू झाली, वर्षं गेली, तरी नाही. आईशी महिन्यातून एकदा बोलायचा, तेही मी आठवण केली तर. मी एकदा चिडून विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, ज्या घरात मी तेव्हा पोचलो नाही, तिथे आता कुठल्या तोंडाने जाऊ?" आणि गेल्या हिवाळ्यात त्याचा मेसेज आला. लेना नावाच्या मुलीशी लग्न करतोय, तिथल्या नगरपालिकेत सकाळी दहाला नोंदणी आहे, साधा समारंभ आहे, कुणी एवढ्या लांब यायची गरज नाही.

मी तो मेसेज आईला वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, "मने, व्हिसाला काय काय कागद लागतात?"

आई तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती. तिने मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले, कागद मिळवले, आणि आधी माझ्याकडे आली. दोन आठवडे इथे राहिली. लिटल इंडियातल्या दुकानात ज्वारीच्या पिठाचं पाकीट उघडायला लावून चिमूट बोटांत चोळली आणि दुकानदाराला मराठीतच सांगितलं की हे तीन महिने जुनं आहे. त्या तमिळ माणसाने मुकाट आतलं ताजं पाकीट काढून दिलं. इरा घरी येऊन बापाला म्हणाली, "आजी डोंट प्ले प्ले, लाह." म्हणजे इथल्या बोलीत, आजीशी पंगा घ्यायचा नाही.

धनूला काही कळवायचं नाही असं आईनेच ठरवलं होतं. "सांगितलं तर तो नको म्हणेल. समोर जाऊन उभं राहिलं तर काय म्हणेल?" मी विचारलं, "पण तू त्याला माफ केलंयस हे फोनवर सांग ना. त्याला बरं वाटेल." तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि म्हणाली, "काही गोष्टी फोनवर नाही सांगता येत." मला वाटलं ती भावनेच्या भरात बोलते आहे.

सिंगापूरहून आम्ही दोघी झुरिकला गेलो. तिथून ग्राझचं विमान सव्वा तासाचं. सकाळी पोचायचं, दुपारच्या आत ग्राझला, दुसऱ्या दिवशी दहाला लग्न, असा बेत होता. पण युरोपात त्या दिवशी बर्फ पडत होतं. आमचं विमान उतरायलाच तीन तास उशीर झाला आणि पुढची बरीचशी उड्डाणं रद्द झाली होती. आमचं त्यातच होतं. काउंटरपुढे लांबलचक रांग. आई स्वेटरवर स्वेटर घालून पायांत माझे बूट घालून उभी होती. बसायला मिळालं तरी बसायला तयार नव्हती.

आमचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या पिकल्या केसांच्या बाईने फार शांतपणे सांगितलं, "दुपारी चारचं विमान जाणार आहे. त्यात एकच सीट शिल्लक आहे. बिझनेस क्लासची. ती मी तुम्हाला देऊ शकते. दुसरं विमान उद्या सकाळी, ते बाराला पोचेल."

"आम्ही दोघी आहोत," मी म्हटलं.

"एकच सीट आहे."

मी तिला लग्नाचं सांगितलं. आईला इंग्रजी येत नाही हेही सांगितलं. तिने पडदा माझ्याकडे वळवला. दुसऱ्या रांगेत खिडकीची एक जागा हिरवी होती, आणि तिच्या लगतचा चौकोन राखाडी, फुली मारलेला.

"ही शेजारची कुणाची आहे?"

"कुणाचीच नाही. ती रिकामीच जाते." तिने समजावून सांगितलं की एवढ्या छोट्या विमानात बिझनेस क्लासच्या खुर्च्या काही वेगळ्या नसतात. मागच्या आणि पुढच्या सगळ्या सारख्याच. पुढच्या चार रांगांनंतर एक पडदा सोडतात, जेवण बरं देतात आणि शेजारची सीट रिकामी ठेवतात. पैसे त्या रिकाम्या सीटचे.

"मग मला तिथे बसू द्या. मला जेवण नको."

"मॅडम, आज माझ्या कंप्युटरमध्ये ती सीटच नाही."

मी वाद घातला. विनंती केली. तिच्या वरिष्ठांना बोलवायला लावलं. तो आला, त्यानेही पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मागे रांग खोळंबली होती. आई मघापासून माझ्या कोपराला हात लावून उभी होती.

"काय म्हणते ती?"

मी सांगितलं.

"म्हणजे माझ्या शेजारी जागा आहे, पण तुला नाही?"

"हो."

"अजबच आहे." तिने पर्स खांद्याला अडकवली. "बरं. मग मी जाते."

"आई, तू एकटी? तुला एक शब्द येत नाही त्यांचा. आपण उद्या दोघी जाऊ. नोंदणी चुकेल, जेवणाला तरी पोचू."

"मी जेवायला नाही आले एवढ्या लांब."

"वाटेत काही झालं तर? चुकून दुसरीकडे गेलीस तर?"

त्यावर ती जवळजवळ हसली. "चाळीस वर्षं गिरणी चालवली, मने. एका वेळी वीस वीस डबे ओळीने असायचे, सगळे सारखेच. एकाचं पीठ दुसऱ्याला गेलं नाही. मी माझी मला चुकीच्या दारात सोडेन होय?"

मी बोर्डिंग पास घेतला. एका कागदावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं की या बाई फक्त मराठी बोलतात, शाकाहारी आहेत, ग्राझला त्यांचा मुलगा घ्यायला येईल, खाली धनूचा नंबर. कागद तिच्या गळ्यात अडकवायला गेले तर तिने तो हातातून काढून घेतला. "मी काय जत्रेत हरवलेलं पोर आहे?" आणि घडी करून पर्समध्ये टाकला.

मग धनूला फोन लावला.

"धनू, आई येतेय."

"कुठे?"

"ग्राझला. तुझ्याकडे. चारचं विमान आहे झुरिकहून, सव्वापाचला पोचेल. एकटी आहे. तू विमानतळावर जा."

तो मूर्खासारखं म्हणाला, "कुणाची आई?"

"आपली!" मी ओरडले. गेटपाशी बसलेल्या चारजणांनी वळून पाहिलं. "तू जातोयस की नाही?"

"जातो," तो म्हणाला. "ताई, ती चिडलीय का?"

"मला माहीत नाही. बर्फ आहे, सावकाश गाडी चालव."

बिझनेस क्लासवाल्यांना आधी बोलावलं. कोट-टायमधले चारपाच पुरुष, आणि त्यांच्यामध्ये नऊवारीची सवय सोडून पाचवारीवर दोन स्वेटर घातलेली माझी आई. तिने पास यंत्रावर धरला, तो उलटा होता, तिने पुढच्या माणसाचा हात आठवून तो सुलटा केला. दिवा हिरवा झाला. ती आत गेली आणि मी दोरीच्या अलीकडे राहिले. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. सांभाळून जा म्हणायचं होतं, मला भीती वाटते म्हणायचं होतं, तुझ्याबरोबर यायला हवं होतं म्हणायचं होतं. पण घशातून आवाज निघाला तो एवढाच: "पोचल्यावर फोन कर!"

माझेच ते शब्द ऐकल्यावर मी तिथेच खाली बसले. एवढी वर्षं मी ज्या गोष्टीवरून तिच्यावर रुसले होते, ती गोष्ट मला त्या गेटवर पाच सेकंदांत कळली. गिरणीत त्या दिवशी तिनेही बाकीचं सगळं गिळलं असणार. हातांना काम होतं म्हणून ती उभी राहू शकली. माझ्या हातांना तेही नव्हतं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला फोन आला. आईचाच, धनूच्या मोबाइलवरून. "पोचले," ती म्हणाली. "उद्या ये." आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बाराला ग्राझला उतरले आणि टॅक्सीने थेट जेवणाच्या जागी गेले. नोंदणी होऊन गेली होती. एका जुन्या खाणावळीत लाकडी टेबलांभोवती पंधरावीस माणसं बसली होती. आई इरकली साडी नेसून लेनाच्या शेजारी बसली होती आणि धनू तिच्या दुसऱ्या बाजूला. तो उठून माझ्याकडे आला. त्याचे डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा दिसत होता. बऱ्याच वर्षांत तो तसा पाहिला नव्हता. "ताई, आईला मी पहिल्या खुर्चीवर बसवलं," तो म्हणाला. "त्या अधिकारी बाईने विचारलं, या कोण, तर मी जर्मनमध्ये सांगितलं आणि माझा आवाज गेला."

टेबलाशी आई सगळ्यांना विमानाची हकिकत सांगत होती आणि धनू तिचं जर्मन करत होता.

"आत गेले तर सगळ्या खुर्च्या तशाच. मी म्हटलं हे काय, मोठ्या क्लासाचं आहे ना? तेवढ्यात त्या हवाई सुंदरीने आमच्या मागे पडदा ओढला. फरक एवढाच, पडद्याचा. मग चिमट्याने एक गरम वाफाळता रोल आणून दिला. मला वाटलं खायचंय. पण मी आधी शेजारच्या ओळीतल्या म्हाताऱ्याकडे बघत होते. ठरवलंच होतं, तो करील ते मी करणार. त्याने तोंड पुसलं. मी पण पुसलं."

लेनाची आई हसून हसून टेबलावर हात आपटत होती.

"मग ताट आलं. चिनी मातीची बशी, खरा चमचा, खरी सुरी. त्यात एक गुलाबी मासा होता, तो मी बाजूला सारला. पण पाव चांगला होता. जाडं दळलेलं पीठ, कोंडा न काढता. मी तिला हाताने जातं फिरवून दाखवलं, की हे काय धान्य आहे म्हणून. तिला कळेना. त्या म्हाताऱ्याला कळलं. त्याने मोबाइलवर शेताचा फोटो काढून दाखवला. गव्हासारखंच, पण उंच, करडं. मी त्याला माझ्या गिरणीचा फोटो दाखवला. उतरेपर्यंत आम्ही एकमेकांना फोटोच दाखवत होतो. त्याची नातवंडं, माझी इरा."

"आणि ती शेजारची खुर्ची?" मी विचारलं.

आईचा चेहरा बदलला. "ती रिकामीच होती. मी पिशवी ठेवली तर ती बाई म्हणाली खाली ठेवा. मागे पडद्यापलीकडे एक बाळ रडत होतं. उठून बघितलं तर एक पोरगी, मांडीवर तान्हं, दोन्हीकडे दांडगे पुरुष. मी तिला हाताने बोलावलं, इथं येऊन बस. ती विमानातली बाई नको म्हणाली, पडदा लावला. मी परत उघडला. तिने परत लावला. तिसऱ्यांदा तिने माझा हात धरला आणि काहीतरी गोड बोलली, आणि मी बसले. नियमाची माणसं. पण मला ते काही पटलं नाही. माणसाला बसायला जागा हवीय आणि जागा आहे, तरी मध्ये पडदा."

दुपारी धनू आणि लेना पाहुण्यांना सोडायला गेले. आम्ही दोघी त्यांच्या घरी होतो. बाहेर बर्फ थांबलं होतं. आईने साडी बदलली, घडी घातली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मने, तू म्हणाली होतीस, त्याला माफ केलं म्हणून सांग. मी त्याला माफ करायला नव्हते आले. माफी मागायला आले होते."

"कसली माफी?" मी विचारलं.

"अण्णांना ताप आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, लक्षण बरं नाही, मुलांना कळवा. धनूला तेव्हा एक विमान होतं. मोजकी विमानं जात होती, त्यातलं एक. अण्णा म्हणाले, त्याला सांगू नको. तो येईल आणि अडकेल, त्याची नोकरी जाईल, त्यालाच हा रोग लागेल. शपथ घातली. मी ऐकलं. त्याने फोन केला तेव्हा सांगितलं, ताप उतरलाय, मघाशी भात खाल्ला. काही खाल्लं नव्हतं त्यांनी." तिने घडीवरून हात फिरवला. "त्याला वाटत राहिलं की त्याने आळस केला. आणि मी त्याला तसं वाटू दिलं. इतकी वर्षं."

"तू त्याला हे सांगितलंस?"

"काल. विमानतळाबाहेर, गाडीत. तो म्हणाला, अण्णांनी सांगितलं होतं ना, मग तुझी काय चूक. मी म्हटलं, अण्णांनी सांगितलं, पण खोटं मी बोलले. फोन माझ्या हातात होता." तिने साडीची घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "मग तो खाली उतरला आणि त्या बर्फात चालत सुटला. गाड्यांच्या रांगांमधून. मी काचेतून बघत होते. मला वाटलं, हा आता येत नाही. अर्धा तास तरी गेला असेल. परत आला, गाडीत बसला. म्हणाला, चल, लेना वाट बघतेय. एवढंच. पण सकाळी उठून माझ्याजवळ येऊन बसला आणि विचारलं, अण्णा शेवटी काय म्हणाले, सगळं सांग. मग सगळं सांगितलं."

मला राग आला. खूप आला. मी म्हटलं, "आणि मला? मला का नाही सांगितलंस? सिंगापूरहून विमान नव्हतं हे मान्य. पण मी बोलले असते त्यांच्याशी. पडद्यावर का होईना, ते शुद्धीत असताना."

"हो," ती म्हणाली. "तुझंही चुकवलं मी."

तिने सबब सांगितली नाही, त्यामुळे मला पुढे भांडता येईना. आणि तेव्हा माझं मला आठवलं की माझ्याकडेही एक गोष्ट आहे. अण्णा गेल्यानंतरच्या वर्षी माझी नोकरी गेली होती. आमचा अख्खा विभाग बंद झाला. चार महिने मी रोज सकाळी आवरून क्लेमेंटीच्या लायब्ररीत जाऊन बसायचे, अर्ज पाठवायचे, आणि दुपारी तिथूनच आईला फोन करायचे.

मी तिला ते सांगितलं.

मला वाटलं ती म्हणेल, मला अंदाज होता. सगळ्या आया तसंच म्हणतात. पण तिला अंदाज नव्हता. तिचा चेहरा उतरला. "मी रोज विचारत होते, ऑफिस कसं आहे म्हणून. तू कँटीनमध्ये काय जेवलीस ते सांगायचीस. एकदा म्हणालीस आज राजमा होता. मी शेजारी सांगितलं, तिच्या ऑफिसात राजमा मिळतो."

"मीच रचायचे."

"लायब्ररीत काय जेवायचीस?"

"घरून पोळी नेत होते. बाहेर बाकावर बसून खायचे."

ती रडली. अण्णांचं सांगताना रडली नव्हती, या पोळीवर रडली. मग डोळे पुसून तिने जो आवाज काढला तो गिरणीतला होता, यंत्राच्या वरचा. "पुरे झालं. यापुढे कुणी कुणाला सगळं ठीक आहे म्हणून सांगायचं नाही. ठीक असलं तर सांगा, नसलं तर तसं सांगा. घाबरवायचं तर घाबरवा. लांब राहतो म्हणून काय आपण एकमेकांचे पाहुणे झालो का?" धनू घरी आल्यावर तिने त्यालाही हेच सांगितलं, आणि त्याच्याकरवी लेनाला समजावलं. नवी सून म्हणून तिला मिळालेला पहिला नियम तोच होता.

परतीच्या वाटेवर मी पुष्कळ विचार केला. मला त्या काउंटरवरच्या बाईचा जो संताप आला होता, तो ओसरला. मी त्या रिकाम्या सीटवर बसले असते, तर ग्राझच्या विमानतळाबाहेर गाडीच्या मागच्या सीटवरही मी असते. धनूने माझ्याकडे पाहिलं असतं, मी मध्ये काहीतरी बोलले असते, विषय बदलला असता. मला तशी सवय आहे. त्या दोघांना एकटं असायलाच हवं होतं.

ठरवणं सोपं असतं, वागणं अवघड. पहिले काही महिने आमचे फोन फार कठीण गेले. आईने एकदा सांगितलं की तिला संध्याकाळी घर खायला उठतं, आणि मी सवयीने विषय बदलून इराच्या शाळेचं बोलू लागले. धनूने सांगितलं की त्याला अजून अण्णांची स्वप्नं पडतात. मी सांगितलं की सचिनचं आणि माझं पटत नाहीये आणि आम्ही त्यावर काम करतो आहोत. आईने सल्ला दिला नाही. नुसतं म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." पूर्वीचे फोन पाच मिनिटांत संपायचे. हे लांबतात, कधी भांडणात संपतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा होतात. मी ते सोडायचे नाहीत असं ठरवलं आहे. इथे या देशात उभं राहायला जेवढा हट्ट केला, तेवढाच हट्ट आता या फोनांसाठी करते आहे.

आजचीच गोष्ट. दुपारी मी ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत ताट घेऊन बसले होते. फोन वाजला. पडद्यावर आई आणि धनू दोघेही.

"तिघं एकदम बोलूया म्हणून दोघांना लावला," आई म्हणाली. मागे दवाखान्याचे आवाज होते. "सकाळी पायरीवर घसरले. उजवा हात मोडलाय, मनगटाच्या वर. प्लास्टर घालतायत. दुखतंय, खूप दुखतंय. डोक्याला लागलेलं नाही, डॉक्टरांनी फोटो काढून बघितलाय."

धनू एकदम बोलू लागला, मीही बोलू लागले. कोण डॉक्टर, कोण बरोबर आहे, घरी कोण राहील. शेजारच्या काकू आहेत, त्या राहतील, आई म्हणाली. मग तिच्या तोंडून सवयीने निघालं, "कुणी यायची गरज नाही, तुमची कामं..."

आणि ती थांबली. पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज आला.

"नाही," आई म्हणाली. "खोटं बोलले. मने, तू ये. मला तू यायला हवी आहेस."

माझ्या एवढ्या आयुष्यात ती हे पहिल्यांदा म्हणाली. सिंगापूरला आले तेव्हा नाही, लग्नात नाही, बाळंतपणात नाही, अण्णा गेले तेव्हाही नाही. ताटातला भात तसाच होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि समोर बसलेल्या चिनी आजोबांनी काही न विचारता टिश्यूचं पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"येते," मी म्हटलं. "परवा पोचते."

"मी पुढच्या महिन्यात येतो," धनू म्हणाला. "लेनालाही आणतो. बार्शीला." ते शेवटचं नाव त्याने जरा चाचरत घेतलं, पण घेतलं.

पूर्वी मला कुणी विचारलं की घर कुठे, तर मी गोंधळायचे. बार्शी म्हणावं तर तिथे मी पाहुणी, क्लेमेंटी म्हणावं तर इथे परकी. आता गोंधळ होत नाही. जिथून मला कुणी न कचरता 'ये' म्हणतं, ते माझं घर. जिथे मला कुणाला 'मला जमत नाहीये' असं सांगता येतं, तेही माझंच घर. ते बार्शीत आहे, ग्राझमध्ये आहे, या फ्लॅटमध्येही आता हळूहळू तयार होतं आहे.

शेजारच्या खोलीत इराने आपली छोटी बॅग स्वतःच काढून भरायला घेतली आहे. मी तिला सांगितलं की शाळा आहे, तुला येता येणार नाही. ती म्हणाली, "बट आजी'ज हँड इज ब्रोकन, आय ऑल्सो गोइंग, लाह." आणि मग मला पटावं म्हणून तुटक तुटक मराठीत, "मला पण जायचं आहे. मला भीती वाटते आजीची."

मी तिला जवळ घेतलं नाही, समजूत घातली नाही. तिच्या शाळेला मेल लिहिला, आणि दुसरं तिकीट काढलं.